परदेशातून आलेला अनलॉक फोन इंदूरमध्ये चालू करताना

इंदूरमधल्या कितीतरी मराठी घरांत, मग ते रामबागेतले जुने घर असो की सुदामानगरातला फ्लॅट, परदेशी राहणाऱ्या मुलाने किंवा मुलीने आणलेला एखादा फोन असतोच. फोन चांगला असतो, पण इथले सिम घातल्यावर कधी रेंजच येत नाही, कधी बोलणे होते पण नेट चालत नाही, तर कधी नेट उत्तम चालते आणि फोन मात्र लागत नाही. या तिन्ही तक्रारींची कारणे वेगळी आहेत आणि म्हणून उपायही वेगळे आहेत. तपासणीचा क्रम पाळला तर बहुतेक अडचणी घरबसल्या सुटतात. हा क्रम असा : आधी फोन, मग सिम, मग नेटवर्क आणि सर्वांत शेवटी डेटाच्या सेटिंग्ज. क्रम सोडून थेट सेटिंग्ज बदलत बसले की मूळ दोष तसाच राहतो आणि जे नीट चालले होते तेही बिघडते.

फोन खरोखर मोकळा आहे का

अमेरिकेत आणि इतर काही देशांत फोन पुष्कळदा मोबाईल कंपनीकडून हप्त्यांवर घेतला जातो आणि हप्ते फिटेपर्यंत तो त्याच कंपनीच्या सिमपुरता बांधलेला असतो. देणाऱ्याने "अनलॉक आहे" असे सांगितले असले तरी स्वतः पाहून घ्यावे, कारण त्याच्या मनात स्क्रीनचा पासवर्ड काढल्याची गोष्ट असू शकते. आयफोनमध्ये सेटिंग्ज, जनरल आणि अबाउट या वाटेने गेल्यावर खाली 'कॅरिअर लॉक' अशी ओळ असते. तिच्यासमोर 'नो सिम रिस्ट्रिक्शन्स' लिहिलेले असेल तर फोन मोकळा आहे. अँड्रॉइड फोनमध्ये सर्वांत खात्रीची परीक्षा म्हणजे इथले चालू सिम त्यात घालून पाहणे. फोन बांधलेला असेल तर तो 'सिम नेटवर्क अनलॉक पिन' अशा अर्थाचा क्रमांक मागतो. तिथे अंदाजाने आकडे टाकू नयेत, कारण चुकीच्या प्रयत्नांना मर्यादा असते.

फोन बांधलेला निघाला तर कुलूप उघडण्याचा अधिकार ज्या कंपनीने तो विकला तिचाच असतो. ज्याच्या नावावर फोन घेतला त्याने त्या कंपनीकडे विनंती करायची असते आणि बाकी असल्यास रक्कम फेडायची असते. शक्य असल्यास हे काम फोन भारतात येण्यापूर्वीच उरकून घ्यावे. जेल रोडवरच्या बाजारात सॉफ्टवेअर टाकून कुलूप काढून देतो असे सांगणारे भेटतात, परंतु कंपनीच्या नोंदीत फोन बांधलेलाच राहिला तर पुढच्या अपडेटनंतर तो पुन्हा अडकू शकतो. फोनचा आयएमईआय क्रमांक, म्हणजे प्रत्येक फोनचा स्वतंत्र ओळखक्रमांक, बदलून देण्याची तयारी कोणी दाखवली तर तिथून सरळ निघावे. दूरसंचार कायदा २०२३ नुसार अशा ओळखक्रमांकात फेरफार करणे हा गुन्हा असून त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

आयएमईआय पाहण्यासाठी डायल पॅडवर *#०६# असे दाबावे. पंधरा आकडी क्रमांक दिसेल आणि दोन सिमचा फोन असल्यास दोन क्रमांक दिसतील. ते एका वहीत उतरवून ठेवावेत, कारण पुढे प्रत्येक ठिकाणी ते लागतात. फोन नातलगाचा नसून वापरलेला विकत घेतलेला असेल, तर 'केवायएम' ही तीन अक्षरे इंग्रजीत लिहून, एक जागा सोडून, पुढे आयएमईआय टाकून १४४२२ या क्रमांकावर संदेश पाठवावा. फोन भारतात चोरीचा म्हणून अडवलेला आहे का, हे उत्तरात कळते. दूरसंचार विभागाच्या संचार साथी संकेतस्थळावरही ही सोय आहे. अडवलेल्या फोनमध्ये कोणतेही सिम चालणार नाही, त्यामुळे पैसे देण्यापूर्वीच ही तपासणी करावी.

आणखी एक गोष्ट आधीच पाहायला हवी. अमेरिकेत विकल्या गेलेल्या आयफोन १४ आणि त्यानंतरच्या आयफोनमध्ये सिमचा कप्पाच नसतो. त्यांत फक्त ई-सिम, म्हणजे कार्ड न घालता फोनमध्येच नोंदवले जाणारे सिम, चालते. घरी येऊन पिन घेऊन फोनच्या कडेला भोक शोधत बसण्यापेक्षा हे ठाऊक असलेले बरे.

सिम चालू करणे

नवा क्रमांक घ्यायचा असेल तर आधार कार्ड घेऊन कंपनीच्या दुकानात जावे, अंगठा लावावा आणि सिम स्वतः समोर उभे राहून घ्यावे. एका व्यक्तीच्या नावावर मध्य प्रदेशात जास्तीत जास्त नऊ सिम असू शकतात. घरातल्या सगळ्यांची सिम वडिलांच्याच नावावर घेण्याची आपल्याकडे सवय आहे, त्यामुळे ही मर्यादा कधी कधी अनपेक्षितपणे आडवी येते. आपल्या नावावर कोणते क्रमांक आहेत हे संचार साथीवर दिसते, आणि अनोळखी क्रमांक आढळला तर त्याची तक्रारही तिथेच करता येते.

जुनाच क्रमांक दुसऱ्या कंपनीकडे न्यायचा असेल तर इंग्रजीत 'पोर्ट' लिहून, जागा सोडून, आपला दहा आकडी क्रमांक टाकून १९०० वर संदेश पाठवावा. उत्तरात येणारा कोड चार दिवस चालतो. जुन्या कंपनीकडे क्रमांक किमान नव्वद दिवसांचा झालेला असावा लागतो. हरवलेले किंवा खराब झालेले सिम नुकतेच बदलून घेतले असेल, तर जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नियमानुसार सात दिवस हा कोड मिळत नाही. पुण्याचा किंवा मुंबईचा क्रमांक घेऊन इंदूरला राहायला आलेल्यांनीही घाबरण्याचे कारण नाही. ३ जुलै २०१५ पासून क्रमांक न बदलता तो देशात कुठेही पोर्ट करता येतो. केवळ परिमंडळ (दूरसंचार कंपन्यांचा सेवाविभाग) बदलले म्हणून पोर्ट करायलाच हवे असेही नाही, मात्र तशा सिमवर रोमिंगची एक सेटिंग पाहावी लागते. तिचा उल्लेख पुढे येईल.

ई-सिमसाठी कंपनीच्या ॲपमधून किंवा दुकानातून मागणी नोंदवावी लागते. काही कंपन्या त्यासाठी आयएमईआयसोबत ईआयडी नावाचा बत्तीस आकडी क्रमांक मागतात, तो *#०६# दाबल्यावर त्याच पडद्यावर दिसतो. कंपनी ईमेलवर क्यूआर कोड पाठवते. ज्या फोनमध्ये ई-सिम घालायचे त्याच फोनवर ती ईमेल उघडली तर कॅमेऱ्यासमोर धरायला कोड उरत नाही, म्हणून ती दुसऱ्या फोनवर किंवा संगणकावर उघडावी. फोन वायफायवर असावा, कारण त्याला अजून स्वतःचे नेटवर्क नाही. आणि एकदा बसलेले ई-सिम 'पुन्हा घालू' या विचाराने काढून टाकू नये. तोच कोड बहुतेक वेळा दुसऱ्यांदा चालत नाही आणि सगळी मागणी नव्याने करावी लागते.

सिम बदलल्यावर किंवा ई-सिम केल्यावर पहिले चोवीस तास संदेश येत-जात नाहीत. ही बिघाडाची खूण नसून फसवणूक रोखण्यासाठी केलेली व्यवस्था आहे. बँकेचा ओटीपी त्या काळात मिळणार नाही, म्हणून विजेचे बिल, रेल्वेचे आरक्षण किंवा पेन्शनसंबंधी काही काम असेल तर ते आधी उरकावे आणि मगच सिम बदलावे. याच काळात "तुमचे सिम चालू करून देतो, ओटीपी सांगा" असे फोन येऊ शकतात. ई-सिमची मागणी आपल्या नकळत दुसऱ्याच्या फोनवर वळवून बँकेतली रक्कम काढण्याचा हा मार्ग आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांना हे स्पष्ट शब्दांत सांगून ठेवावे. सिम चालू करण्यासाठी कंपनीचा माणूस फोनवर ओटीपी विचारत नाही.

सिम घातल्यावर फोन एकदा बंद करून चालू करावा आणि थोडे थांबावे. नव्या सिमवर पहिले रिचार्ज झाले आहे का, आणि त्या प्लॅनमध्ये डेटा आहे का, हे दुकानदाराच्या शब्दावर न सोडता कंपनीच्या ॲपमध्ये पाहावे. केवळ बोलण्याचे प्लॅन आता सगळ्या कंपन्यांकडे मिळतात, आणि त्या प्लॅनवर सेटिंग कितीही बदलल्या तरी नेट सुरू होणार नाही.

रेंज आहे, पण फोन लागत नाही

इथे कंपन्यांमधला फरक समजून घेतला पाहिजे. जिओकडे २जी आणि ३जी कधीच नव्हते. तिचे सगळे बोलणे ४जी किंवा ५जीवरूनच जाते, आणि त्यासाठी फोनमध्ये व्होल्टी ही सोय त्या कंपनीसाठी चालू असावी लागते. परदेशी बाजारासाठी बनवलेल्या काही अँड्रॉइड फोनमध्ये भारतीय कंपन्यांसाठीची ही तजवीज सॉफ्टवेअरमध्ये नसते. मग जिओचे सिम घातल्यावर नेट चालते, व्हॉट्सॲपवर बोलता येते, पण साधा फोन लागत नाही. एअरटेल आणि व्ही (व्होडाफोन आयडिया) यांच्याकडे २जी अजून आहे, त्यामुळे त्याच फोनमध्ये त्यांचे सिम घातले तर बोलणे होते, मात्र बोलत असताना नेट थांबते आणि पडद्यावरचे ४जी जाऊन तिथे 'ई' किंवा '२जी' दिसते. हे चिन्ह दिसले की दोष व्होल्टीचा आहे हे नक्की समजावे.

सेटिंग्जमध्ये सिमच्या पानावर 'व्होल्टी' किंवा '४जी कॉलिंग' असे बटण शोधावे आणि ते चालू करावे. बटणच नसेल तर वायफायवर फोनचे सॉफ्टवेअर अपडेट करून पुन्हा पाहावे. त्यानंतरही ते आले नाही तर त्या फोनसाठी जिओपेक्षा दुसऱ्या कंपनीचे सिम घेणे हाच शहाणपणाचा मार्ग आहे, आणि हा निर्णय क्रमांक पोर्ट करण्यापूर्वीच घेता यावा म्हणून शेजाऱ्याचे सिम पाच मिनिटे घालून पाहणे सर्वांत स्वस्त पडते.

राजवाड्याच्या आसपासच्या जाड भिंतींच्या जुन्या घरांत आतल्या खोलीत रेंज क्षीण असते. घरात वायफाय असेल तर 'वायफाय कॉलिंग' चालू केल्याने बोलणे सुधारते. या सोयीलाही फोनमध्ये कंपनीची तीच तजवीज लागते.

रेंज मुळीच येत नसेल तर फोनच्या लहरींचे पट्टे (इंग्रजीत 'बँड') तपासावेत. भारतात ४जीसाठी प्रामुख्याने १, ३, ५, ८, ४० आणि ४१ हे पट्टे वापरले जातात. जिओ ३, ५ आणि ४० वापरते; एअरटेल मुख्यतः १, ३, ८ आणि ४०; बीएसएनएलच्या नव्या ४जीसाठी २८ महत्त्वाचा आहे. फोनचा नेमका मॉडेल क्रमांक, केवळ नाव नव्हे, उत्पादकाच्या संकेतस्थळावर शोधला तर हे आकडे मिळतात, कारण एकाच नावाचा फोन निरनिराळ्या देशांत निरनिराळ्या पट्ट्यांसह विकला जातो. ५जीसाठी ७८ हा पट्टा फोनमध्ये असावा. जिओचे ५जी ४जीच्या आधाराशिवाय चालते, आणि ती पद्धत फोनच्या सॉफ्टवेअरमध्ये मोकळी नसेल तर पट्टा असूनही ५जी दिसणार नाही. तेवढ्यासाठी फोन नाकारावा असे मला वाटत नाही, रोजच्या वापराला चांगले ४जी पुरेसे होते.

मोबाईल डेटाच्या सेटिंग्ज

आता मुख्य भागाकडे वळू. रेंज आहे, फोन लागतो, प्लॅनमध्ये डेटा आहे, तरी पान उघडत नाही, अशा वेळी प्रथम वायफाय बंद करावे आणि मग पाहावे, अन्यथा काय चालते आणि काय नाही हे कळणारच नाही. दोन सिम असतील तर मोबाईल डेटासाठी योग्य सिम निवडलेले आहे का ते पाहावे. परदेशातले जुने ई-सिम फोनमध्ये राहिलेले असते आणि डेटा त्याच्याकडे नेमलेला असतो, असे पुष्कळदा आढळते. ते सिम बंद करून ठेवावे. ते काढून टाकण्यापूर्वी मात्र देणाऱ्याला विचारावे.

सिम महाराष्ट्राचे किंवा गुजरातचे असेल तर 'डेटा रोमिंग' चालू करावे. 'रोमिंग' या शब्दाला आपण अजून बिचकतो, परंतु आजच्या बहुतेक प्लॅनमध्ये देशांतर्गत रोमिंगचे वेगळे पैसे पडत नाहीत. परदेशप्रवासाच्या आधी मात्र हे बटण आठवणीने बंद करावे. नेटवर्क निवड 'ऑटोमॅटिक' आहे का हेही पाहावे.

एवढे करूनही नेट सुरू झाले नाही, तर दोष बहुधा ॲक्सेस पॉइंटच्या नावात, म्हणजे एपीएनमध्ये असतो. फोनने कंपनीच्या जाळ्यातून इंटरनेटकडे कोणत्या दाराने जायचे ते हे नाव ठरवते. भारतात घेतलेल्या फोनमध्ये ते आपोआप भरले जाते. परदेशातून आलेल्या, विशेषतः तिथल्या कंपनीचे सॉफ्टवेअर असलेल्या फोनमध्ये जुनेच राहते किंवा रकाना रिकामा असतो. अँड्रॉइडमध्ये सेटिंग्ज, नेटवर्क आणि इंटरनेट, मग सिम, आणि तिथे सर्वांत खाली 'ॲक्सेस पॉइंट नेम्स' सापडते. सॅमसंगमध्ये ते कनेक्शन्समधल्या मोबाईल नेटवर्क्सखाली असते. आत गेल्यावर आधी वरच्या तीन टिंबांवर बोट ठेवून 'रीसेट टू डीफॉल्ट' करावे. कित्येकदा एवढ्यानेच काम होते.

न झाल्यास अधिकचे चिन्ह दाबून नवी नोंद करावी. 'नेम' या पहिल्या रकान्यात काहीही लिहिले तरी चालते. ते फक्त आपल्याला ओळखण्यासाठी असते. महत्त्वाचा तो दुसरा रकाना, 'एपीएन'. जिओसाठी तिथे जे-आय-ओ-एन-ई-टी ही इंग्रजी अक्षरे लिहावीत. एअरटेलसाठी ए-आय-आर-टी-ई-एल-जी-पी-आर-एस, मग टिंब आणि मग सी-ओ-एम. व्हीसाठी तीन वेळा डब्ल्यू, मध्ये टिंब न देता. बीएसएनएलसाठी बी-एस-एन-एल-एन-ई-टी. सगळी अक्षरे लहान लिपीतली असावीत. फोनचा कीबोर्ड पहिले अक्षर आपोआप मोठे करतो, आणि सुचवलेला शब्द निवडला तर शेवटी एक रिकामी जागा सोडतो. ही जागा डोळ्यांना दिसत नाही, पण तिच्यामुळे नाव चुकीचे ठरू शकते. म्हणून लिहून झाल्यावर रकान्याच्या टोकाला बोट ठेवून कर्सर कुठे उभा राहतो ते पाहावे. शेवटच्या अक्षराला चिकटून नसेल तर मागे खोडावे.

प्रॉक्सी, पोर्ट, युजरनेम, पासवर्ड आणि सर्व्हर हे रकाने तसेच कोरे ठेवावेत. 'एमसीसी' आणि 'एमएनसी' हे दोन रकाने आधीच भरलेले असतात. पहिल्यात भारताचा ४०४ किंवा ४०५ हा आकडा असतो. त्यांना हात लावू नये, कारण ते सिमशी जुळले नाहीत तर साठवलेली नोंद यादीत दिसतच नाही आणि आपण पुन्हा पुन्हा तीच भरत राहतो. 'एपीएन प्रोटोकॉल'मध्ये आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ दोन्ही असलेला पर्याय निवडावा. जिओच्या बाबतीत हे विशेष महत्त्वाचे आहे. 'एपीएन टाइप'मध्ये इंग्रजीत डी-ई-एफ-ए-यू-एल-टी लिहिले तरी पुरते.

आता दोन पायऱ्या उरतात आणि त्याच सर्वांत जास्त चुकतात. वरच्या तीन टिंबांतून 'सेव्ह' दाबायचे असते. काही फोनमध्ये नुसते मागे आल्यावर भरलेले सगळे पुसले जाते. आणि यादीत परतल्यावर आपल्या नोंदीसमोरचे वर्तुळ निवडायचे असते. त्यानंतर विमान मोड चालू करून दहा-पंधरा सेकंदांनी बंद करावा.

आयफोनमध्ये हे रकाने मोबाईल डेटाच्या पानावर 'मोबाईल डेटा नेटवर्क' नावाने असतात, परंतु कंपनीने परवानगी दिली असेल तरच दिसतात. ते न दिसणे हा दोष नाही. तिथे फोन वायफायवर ठेवून जनरलमधले अबाउट उघडावे आणि थोडे थांबावे. कंपनीच्या सेटिंग्जचे अपडेट असेल तर विचारणा येते, ती स्वीकारावी. जनरलमध्येच 'व्हीपीएन आणि डिव्हाइस मॅनेजमेंट' इथे परदेशी कंपनीचे किंवा नोकरीच्या ठिकाणचे प्रोफाइल राहिलेले असेल तर जुने एपीएन तिथूनच लादले जाते. देणाऱ्याच्या संमतीने ते काढावे.

वर ४जी दिसते, नेट अगदी मुंगीच्या पावलांनी चालते, आणि हे रोज संध्याकाळीच होते, अशी तक्रार असेल तर सेटिंग्ज तपासण्यापूर्वी दिवसाचा डेटा संपला आहे का ते पाहावे. तो संपल्यावर बहुतेक प्लॅनमध्ये वेग ६४ केबीपीएसवर येतो. त्याशिवाय व्हीपीएन, 'प्रायव्हेट डीएनएस' आणि 'डेटा सेव्हर' बंद करून पाहावेत. अँड्रॉइडमधली डेटा मर्यादाही पाहावी. आधीच्या मालकाने महिन्याला २ जीबीची मर्यादा घातलेली असेल तर फोन तिथे पोहोचताच स्वतःहून नेट बंद करतो.

केवळ हॉटस्पॉट चालत नसेल, आणि फोन परदेशी कंपनीच्या नावाचा असेल, तर 'एपीएन टाइप'मध्ये आधीच्या शब्दापुढे स्वल्पविराम देऊन डी-यू-एन ही अक्षरे जोडून पाहावीत. काही फोनमध्ये याने सुटते; काहींत त्या कंपनीचे सॉफ्टवेअरच हॉटस्पॉट अडवून धरते, आणि त्याला घरगुती उपाय नाही.

शेवटचा उपाय म्हणजे 'रीसेट नेटवर्क सेटिंग्ज'. त्याने छायाचित्रे आणि संपर्क जात नाहीत, पण वायफायचे सगळे पासवर्ड आणि ब्लूटूथच्या जोडण्या पुसल्या जातात. काही अँड्रॉइड फोन याच वेळी ई-सिमही पुसायचे का असे विचारतात; ती खूण काढून टाकावी. दुकानात "पूरा फोन रीसेट करना पड़ेगा" असे ऐकू आले, तर हा छोटा रीसेट करून पाहिला आहे का, हे आधी विचारावे, कारण फक्त नेटसाठी संपूर्ण फोन कोरा करण्याची वेळ क्वचितच येते.

त्यानंतरही नेट चालले नाही तर तेच सिम दुसऱ्या फोनमध्ये घालावे. तिथेही चालले नाही तर दोष सिमचा किंवा कंपनीकडचा आहे. मग १९८ वर तक्रार नोंदवावी आणि तक्रार क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवू नये. बोलताना फोनचा मॉडेल क्रमांक, आयएमईआय, राहण्याचा भाग, आणि दुसऱ्या फोनमध्ये सिम घालून पाहिले तेव्हा काय दिसले हे सगळे सांगावे, म्हणजे पलीकडची व्यक्ती फोन बंद करून चालू करण्याच्या सूचनेपाशी न थांबता क्रमांकावर डेटा सेवा सुरू आहे की नाही हे आपल्याकडच्या नोंदीत तपासू शकते. ठरलेल्या मुदतीत उत्तर मिळाले नाही तर त्याच तक्रार क्रमांकाच्या आधारे कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे विनाशुल्क दाद मागता येते.